शिडाची छोटी होडी चालवायला शिकताना: नवशिक्यांचे नेहमीचे प्रश्न

हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी मी मुंबई बंदरात नवशिक्यांना डिंगीवर बसवतो. डिंगी म्हणजे एक-दोन माणसांची, इंजीन नसलेली शिडाची होडी. दर वर्षी माणसं नवी येतात, प्रश्न मात्र साधारण तेच असतात. त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. वाचून होडी चालवता येणार नाही, त्यासाठी पाण्यातच उतरावं लागतं. पण उतरण्याआधी हे माहीत असलं तर पहिले दोन दिवस भीतीत जात नाहीत.

मला पोहता येत नाही. तरी शिकता येईल का?

आधी पोहायला शिका, मग या. लाइफ जॅकेट घातल्यावर माणूस बुडत नाही हे खरं आहे. पण पाण्यात पडल्यावर ज्याला धडकी भरते तो होडीची दोरी सोडायची सोडून होडीलाच मिठी मारतो, आणि मग त्याच्याबरोबर दुसराही अडचणीत येतो. स्पर्धेत पोहण्याइतकं कौशल्य लागत नाही. जॅकेट घालून ५० मीटर निवांत जाता आलं आणि नाकातोंडात पाणी गेल्यावर घाबरगुंडी उडाली नाही, की पुरे.

जॅकेटबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. डिंगीवर बहुतेक जण अंगासरशी बसणारं, हालचालीला मोकळं जॅकेट घालतात. ते तुम्हाला तरंगत ठेवतं, पण बेशुद्ध माणसाला उताणं करत नाही. ते काम मोठ्या कॉलरच्या पूर्ण लाइफ जॅकेटचं. नवखा असाल, पोहण्यात कच्चे असाल, तर दुसरं मागून घ्या. कुठलंही असो, खांद्याला धरून वर ओढून बघा. ते कानापर्यंत सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही.

सुरुवात कोणत्या होडीवर करावी?

मुलांसाठी ऑप्टिमिस्ट. अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये तिचा आराखडा केला. जेमतेम २.३ मीटर लांब, ३५ किलो वजनाची, चौकोनी तोंडाची ही होडी दिसायला आंघोळीच्या टबासारखी आहे, पण तिच्याइतकी समजूतदार गुरू दुसरी नाही. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत तिच्या शर्यतीत उतरता येतं.

मोठ्यांसाठी शक्य असेल तर आधी दोघांची होडी, म्हणजे शेजारी शिकवणारा बसू शकतो. नंतर लेझर, जिला आता इल्का म्हणतात. साधारण ४.२ मीटर लांबी, एक माणूस, एक शीड. त्याच सांगाड्यावर लहान, मधलं किंवा मोठं शीड चढवता येतं, त्यामुळे हलक्या वजनाच्या माणसालाही ती झेपते. भारताची नेत्रा कुमानन टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरली ती याच होडीच्या मधल्या शिडावर.

स्वतःची होडी विकत घेण्याची घाई करू नका. निदान एक हंगाम क्लबच्या होड्यांवर काढा.

वारा समोरून असेल तर होडी पुढे जातेच कशी?

सरळ समोर जातच नाही. वारा जिथून येतो त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांचा पट्टा असा असतो की त्यात नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वळली की शीड नुसतं फडफडतं आणि होडी थांबते. त्या पट्ट्याच्या कडेकडेने, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, घाटातल्या रस्त्यासारखी वळणं घेत वर चढायचं असतं.

शीड ताणलं की ते फुगून वाकतं आणि त्यावरून वाहणारा वारा होडीला ओढतो, विमानाच्या पंखाला वर उचलतो तसा. ही ओढ थोडी पुढे आणि बरीचशी बाजूला असते. बाजूला घसरू न देण्याचं काम होडीच्या पोटातून खाली सोडलेली फळी करते. तिला डॅगरबोर्ड म्हणतात. ती वर राहिली तर होडी खेकड्यासारखी तिरकी सरकत जाते. 'होडी वळतच नाही, नुसती वाहतेय' अशी हाक आली, की मी आधी विचारतो, 'फळी खाली आहे का?' बरेचदा नसते.

पहिल्या दिवशी काय शिकवतात?

मी थांबायला शिकवतो. होडीला ब्रेक नसतो, म्हणून लोक समजतात की ती थांबत नाही. ती थांबते, आणि फार सोप्या रीतीने. वारा बाजूने येईल अशी होडी धरायची आणि मेनशीट, म्हणजे शिडाची दोरी, हातातून सोडून द्यायची. शीड झेंड्यासारखं फडफडू लागतं, जोर निघून जातो, होडी जागच्या जागी डुलत राहते. पहिल्या तासात मी हे वीस वेळा तरी करून घेतो. चाला, सोडा, थांबा. पुन्हा चाला.

हे एकदा अंगात मुरलं की बाकीचं शिकताना मन मोकळं राहतं. काही कळेनासं झालं, होडी एकदम कलली, समोर कोणी आलं, तरी हात आपोआप दोरी सोडतो. नवशिक्याचा हात नेमका उलट वागतो: घाबरला की मुठी आवळतो, दोरी घट्ट धरतो आणि होडी आणखी कलते. मेनशीट हाताला गुंडाळू नका आणि क्लीटमध्ये, म्हणजे दोरी पकडून ठेवणाऱ्या चापात, अडकवून निर्धास्त बसू नका, हे मी कंटाळा येईपर्यंत सांगतो ते याचसाठी.

शीड किती ओढायचं ते कसं कळतं?

फडफडू लागेपर्यंत सोडायचं, मग फडफड जेमतेम थांबेल इतकंच ओढायचं. दिशा बदलली की पुन्हा तसंच. जास्त ओढलेलं शीड दिसायला छान तुकतुकीत दिसतं, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. होडी मात्र मंदावते आणि कलते.

बूम डोक्यात बसण्याची भीती वाटते. काय करावं?

भीती रास्त आहे. शिडाच्या खालची आडवी दांडी म्हणजे बूम. होडीची नाळ वाऱ्यातून पलीकडे नेऊन वळलात तर तो टॅक. त्यात शीड आधी निवतं, फडफडतं आणि मग सावकाश दुसरीकडे जातं. पाठीमागचा वारा एका बाजूकडून दुसरीकडे घेऊन वळलात तर तो जाइब. त्यात शीड वाऱ्याने गच्च भरलेलं असतं आणि डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत एका झटक्यात फिरतं. डोकी फुटतात ती जाइबमध्ये, आणि तीही ठरवून केलेल्या नव्हे, नकळत झालेल्या जाइबमध्ये.

माझ्या कानामागे टाक्यांची खूण आहे. वारा पाठीशी होता, ऊन छान होतं, मी मागे वळून मित्राशी बोलत होतो. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, हातभर सरकला ते कळलंही नाही.

म्हणून सुरुवातीला वारा बरोबर पाठीमागून घेऊ नका, जरा तिरका घ्या. बूम अचानक हलकी झाली किंवा शिडाची मागची कड उचलून आत येऊ लागली, तर जाइब होऊ घातली आहे. डोकं खाली, आणि टिलर शिडाच्या बाजूला ढकला म्हणजे नाळ वाऱ्याकडे येईल. जाइबऐवजी उलटा फेरा घेऊन टॅक करून वळलात तरी कोणी हसत नाही. जोराच्या वाऱ्यात अनुभवी माणसंही तसंच करतात.

होडी उलटली तर?

उलटणारच. जो कधीच उलटला नाही त्याला मी एकट्याने सोडत नाही. पहिल्याच आठवड्यात आम्ही मुद्दाम उलटवतो, शांत पाण्यात, सोबतीची बोट जवळ ठेवून.

पहिली गोष्ट: होडी सोडून पोहत किनारा गाठायचा नाही. पाण्यावरून किनारा नेहमी जवळ वाटतो. शिवाय शोधणाऱ्याला उलटलेली होडी लांबून दिसते, पाण्यातलं एकटं डोकं दिसत नाही. डिंगीत हवेच्या पिशव्या किंवा बंद कप्पे असतात, ती उलटी झाली तरी बुडत नाही. अर्थात निघण्यापूर्वी त्या पिशव्या फुगलेल्या आहेत आणि कप्प्याची बुचं घट्ट बसली आहेत हे तुम्ही पाहिलेलं हवं.

जोडीदार असेल तर आधी त्याला हाक मारा, उत्तर ऐका. मग मेनशीट मोकळी आहे ना ते बघा, नाहीतर होडी उभी राहताक्षणी शीड पुन्हा वाऱ्याने भरेल. होडीला एक हात कायम लावून तळाच्या बाजूला जा. तिथे फळी आडवी बाहेर आलेली दिसेल. तिला धरून लोंबकळा, तेवढ्याने भागलं नाही तर तिच्यावर चढून उभे राहा आणि काठाला धरून मागे रेला. सुरुवातीला काहीच होत नाही असं वाटतं. धीर धरा, शिडावरचं पाणी ओघळायला वेळ लागतो. डोलकाठी एकदा पाण्याबाहेर आली की होडी झटकन उभी राहते. शीड वाऱ्याच्या बाजूला पडलेलं असेल तर ती उभी राहून तुमच्याच अंगावर उलटू शकते, म्हणून शक्य तर पोहत नाळ वाऱ्याकडे वळवून घ्या.

शिडाखाली सापडलात तर घाबरू नका. हाताने शीड वर ढकललं की तोंडापुरती हवा मिळते. मग शिडावरची एक शिवण धरून तिच्या सरळ रेषेत सरकत जा, कड येतेच. चाचपडत गोल फिरायचं नाही.

मुंबई बंदराचा तळ चिखलाचा आहे. उथळ जागी होडी पूर्ण पालथी झाली की डोलकाठी चिखलात रुतते. अशा वेळी जोर लावून ती वाकवण्यापेक्षा सोबतीच्या बोटीला बोलवा. तीन-चार वेळा प्रयत्न करून दमलात तरी तेच करा. दमलेल्या माणसाच्या हातून पुढच्या चुका होतात.

वारा किती असावा?

शिकायला ५ ते १० नॉट उत्तम. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. वारा मोजायचं यंत्र नसेल तर पाण्याकडे बघा: लाटांवर तुरळक पांढरे फेस दिसू लागले की १० नॉटच्या आसपास आलात. जिकडेतिकडे फेस दिसत असेल तर नवशिक्याने काठावर बसून इतरांना बघावं, त्यातूनही पुष्कळ शिकायला मिळतं. वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, म्हणून १० नॉटमध्ये मजेत चाललेली होडी १६ नॉटमध्ये ओळखू येत नाही.

वाऱ्याबरोबर जाताना तो कमी वाटतो हेही लक्षात असू द्या. १० नॉटचा वारा पाठीशी आणि होडीचा वेग ४ नॉट, तर अंगाला ६ नॉटच लागतो. 'आज वाराच नाही' म्हणत माणूस लांब जातो आणि परत फिरल्यावर तोच वारा तोंडावर दुपटीने आदळतो.

मुंबई बंदरात वारा आणि भरती-ओहोटी यांचा मेळ कसा घालायचा?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. मला वाटतं, सगळ्यात आधी हाच विचारला पाहिजे.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते इथे प्रत्यक्ष भेटतात. थंडीच्या दिवसांत सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा असतो, साधारण ईशान्येकडून. उन्हं तापली की तो मरतो, पाणी तेलासारखं गुळगुळीत होतं. दुपारी खारा वारा येतो, वायव्येकडून, आणि संध्याकाळपर्यंत टिकतो. आता गेटवेच्या पाण्याचं तोंड पूर्वेला आहे, म्हणजे हा दुपारचा वारा शहरावरून येऊन तुम्हाला किनाऱ्यापासून दूर ढकलतो. इमारतींच्या आडोशाला तो विरलेला असतो, चार-पाचशे मीटर बाहेर गेलं की खरा जोर कळतो. जाणं सोपं, येणं अवघड.

त्यात पाणी. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. एवढं पाणी सहा तासांत बंदरातून बाहेर जायचं म्हणजे त्याला ओढ असणारच, ती दोन नॉट किंवा जास्तही भरते. मंद वाऱ्यात डिंगी जेमतेम तेवढीच चालते. होडी पुढे जातेय असं वाटतं, नाळेपाशी पाणी खळखळतं, आणि काठावरच्या खुणा पाहिल्या तर तुम्ही मागे जात असता.

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराला. तिथी शुद्ध असो की वद्य, मोजायची प्रतिपदेपासूनच. दिवसाची आणि रात्रीची भरती साधारण त्याच आकड्याच्या आसपास येते आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. छापील कोष्टक बघायला हवंच, हा हिशेब मिनिटांचा नाही. पण दिवस कसा जाईल ते यातून डोळ्यांसमोर उभं राहतं.

बघा आता. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आत-बाहेर संपते. म्हणजे दुपारभर ओहोटी, तीही उधाणाची, आणि त्याच वेळी खारा वारा. दोघंही तुम्हाला बाहेर नेणारे. नवशिक्याने अशा दुपारी लांब जाऊच नये. अष्टमी-नवमीला उलट असतं. पाण्याला भांगाची, म्हणजे सौम्य ओढ, आणि दुपारभर भरती येत असल्यामुळे पाणी तुम्हाला आत आणून सोडतं. माझ्या हातात असतं तर मी सगळ्यांचा पहिला धडा अष्टमीच्या दुपारी घेतला असता.

एकदा मार्चमध्ये मी हा हिशेब न करता गेलो. खारा वारा आलाच नाही, ओहोटी मात्र वेळेवर आली. दीड तास मी हाताने पाणी मारत होतो. शेवटी परतणाऱ्या एका कोळी नाखवाने दोरी फेकली आणि ओढून आणलं. काही विचारलं नाही, फक्त म्हणाले, 'तिथी बघून येत जा.'

समोरून दुसरी होडी आली तर वाट कोणी द्यायची?

दोन शिडाच्या होड्या असतील तर: ज्याच्या डाव्या बाजूने वारा येतोय त्याने बाजूला व्हायचं. दोघांचा वारा एकाच बाजूने असेल तर जो वाऱ्याकडे आहे त्याने. मागून पुढे जाणाऱ्याने नेहमीच. जाळी टाकून बसलेल्या मच्छीमार बोटीला आपण वाट द्यायची. जाळ्यांचे खुंट आणि तरंगणारी बोयरी दिसली की लांबून वळसा घ्या, कुणाची तरी रोजी त्यावर असते.

इंजीनवाल्याने शिडाला वाट द्यावी हा नियम आहे. पण घारापुरीच्या आणि मांडव्याच्या लाँचवर हक्क सांगत बसू नका, त्यांच्यात माणसं भरलेली असतात. मोठ्या जहाजांचा तर प्रश्नच येत नाही: ती खोल पाण्याच्या ठरलेल्या वाटेनेच जाऊ शकतात आणि तिथे २० मीटरहून लहान होडीने त्यांना अडथळा करू नये असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. जहाजाच्या नाळेखालचं काहीशे मीटर पाणी वरून दिसत नाही. ओळीने पाच आखूड भोंगे ऐकू आले तर ते 'तुमचं काय चाललंय कळत नाही' असं तुम्हालाच विचारत असतात. ठळक, एकाच वळणात बाजूला व्हा.

गाठी किती याव्या लागतात?

तीन पुरेत: दोरी कप्पीतून निसटू नये म्हणून टोकाला मारायची इंग्रजी आठची गाठ, न घसरणारा फास देणारी बोलाइन, आणि खुंटाला बांधायची दोन अर्ध्या फेऱ्यांची गाठ. घरी टीव्ही बघताना सराव करा, डोळे मिटूनही मारता येईपर्यंत.

काय घालून यावं?

पूर्ण बाह्यांचा पटकन वाळणारा शर्ट, गळ्याला दोरी असलेली टोपी, आणि पाय झाकणारे जुने बूट. बुटांवर तडजोड नको. खडकांवरची कालवं ब्लेडसारखी कापतात आणि चिखलातली जखम लवकर भरत नाही. माणशी निदान एक लिटर पाणी. वाऱ्यात घाम कळत नाही, चक्कर आली की कळतं.

मदत कशी मागायची?

जॅकेटला शिट्टी बांधलेली हवी. दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करणं ही जगभर ओळखली जाणारी संकटाची खूण आहे, म्हणून ओळखीच्याला हात करताना एकच हात हलवा. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, अंगावर बांधलेला. होडीत ठेवलेला फोन होडीबरोबर जातो. तटरक्षक दलाचा समुद्रातल्या मदतीचा क्रमांक १५५४ आहे. आणि निघण्यापूर्वी काठावरच्या एका माणसाला सांगून जा: कुठे चाललो, किती वाजता येणार. परत आल्यावर त्यालाच 'आलो' म्हणून कळवा.

पावसाळ्यात चालू असतं का?

मुंबईच्या पाण्यावर नवशिक्यांसाठी नाही. मासेमारी करणारेसुद्धा १ जून ते ३१ जुलै बंदी पाळतात. हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंत, त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी शिकायला छान.

पुण्याकडे राहतो. धरणाच्या पाण्यावर शिकणं सोपं नाही का?

भरती-ओहोटी नाही, लाट नाही, एवढं सोपं. पण डोंगरांमधून येणारा वारा सरळ नसतो, तो झोतांनी येतो आणि दर मिनिटाला दिशा बदलतो. पाण्यावर गडद, सुरकुतलेला डाग तुमच्याकडे सरकताना दिसला की तो झोत समजा आणि दोरी सैल करायच्या तयारीत राहा. गोड्या पाण्यात माणूस थोडा कमी तरंगतो, गाळात पाय रुततो, आणि बुडालेल्या झाडांचे बुंधे कुठे आहेत ते स्थानिकांनाच ठाऊक असतं. जलाशयावर उतरायची परवानगी आहे का तेही आधी विचारून घ्या.

एकट्याने कधी जाता येईल?

दिवस मोजून सांगत नाही. सांगितल्या जागी होडी थांबवता आली, कुणाच्या मदतीशिवाय दोनदा उलटी होडी सरळ करता आली, आणि आज पाणी किती वाजता फिरणार हे मी विचारायच्या आत तुम्ही सांगितलंत, की सोबतीची बोट मी जरा लांब नेतो. बहुतेकांना ती लांब गेल्याचं कळतच नाही, ते शिडाकडे बघत असतात.